डिसेबिलिटी पेन्शनचे अपील : उत्तर नेमके कशाला द्यायचे?

रेकॉर्ड ऑफिसातून आलेले नकाराचे पत्र बहुधा एखाद-दुसऱ्या पानाचे असते. त्यात एवढेच असते : तुमचा आजार किंवा अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेले नाही, सेवेमुळे वाढलेलेही नाही, म्हणून डिसेबिलिटी पेन्शन देता येत नाही. हे मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. बीड जिल्ह्यातल्या अनेक फौजी घरांत असे पत्र कुणाकडून तरी वाचून घेतले जाते, डिस्चार्ज बुकात घडी करून ठेवले जाते आणि तिथेच राहते. सरकारने नाही म्हटले, एवढाच त्याचा अर्थ घरात उरतो.

खरे तर हा फक्त पहिल्या पायरीवरचा निकाल असतो. त्यानंतर लष्कराच्या आत दोन अपिले असतात. मग सशस्त्र दल न्यायाधिकरण आणि त्याच्याही वर उच्च व सर्वोच्च न्यायालय. या सगळ्या पायऱ्यांवर मुख्यतः एकच प्रश्न तपासला जातो : या अपंगत्वाचा सेवेशी संबंध आहे की नाही, आणि नाही म्हणणाऱ्या मेडिकल बोर्डाने त्याचे पटण्याजोगे कारण लिहिले आहे की नाही. आजाराने किती हाल होतात, घरची परिस्थिती किती बिकट आहे, सीमेवर किती वर्षे काढली, हे सगळे खरे असते, पण निकाल त्यावर लागत नाही. म्हणून या लेखात माझे सांगणे एकच आहे. अपील लिहिताना नकाराच्या पत्राला उत्तर देऊ नका, मेडिकल बोर्डाने लिहिलेल्या कारणाला द्या.

आधी पात्रता आणि पैसा

नियमाच्या दोन अटी आहेत. अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे, आणि ते २० टक्के किंवा अधिक असावे. किमान इतकी वर्षे सेवा हवी, अशी अट डिसेबिलिटी पेन्शनला नाही. दोन वर्षांत बोर्ड आऊट झालेला, म्हणजे आजार किंवा अपंगत्वामुळे सेवेतून काढलेला, जवानही पात्र ठरू शकतो. १ जानेवारी २००६ नंतर स्वतःहून लवकर निवृत्ती घेतलेल्यांनाही हा लाभ खुला झाला आहे. ‘मी तर स्वतःच्या अर्जावर घरी आलो’ म्हणून गप्प बसलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावे.

२० टक्क्यांच्या अटीलाही एक महत्त्वाचा अपवाद आहे. सुखविंदर सिंग यांच्या २०१४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अपंगत्वामुळे लष्करच एखाद्याला सेवेतून काढत असेल, तर ते अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक आहे असेच धरले पाहिजे. जो माणूस २० टक्केही अपंग नाही, त्याला फौजेतून घरी पाठवायचे कशासाठी? बोर्डाने ११ ते १४ टक्के लिहून घरी पाठवलेल्यांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

आता पैसा. १०० टक्के अपंगत्वासाठी डिसेबिलिटीचा भाग शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो आणि टक्केवारी उतरेल तसा तो उतरतो. शेवटचे वेतन ४०,००० रुपये धरा. १०० टक्क्यांना १२,००० रुपये होतात, २० टक्क्यांना २,४०० रुपये. पण १ जानेवारी १९९६ पासून टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची तरतूद आहे. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यापुढे १००. म्हणजे २० टक्केवाल्याला २,४०० ऐवजी ६,००० रुपये, वर महागाई भत्ता. सुरुवातीला सरकार हा लाभ फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना देत होते. सेवेचा काळ पूर्ण करून कमी मेडिकल कॅटेगरीत निवृत्त झालेल्यांना नाकारत होते. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारची शेकडो अपिले एकत्र फेटाळली आणि हा भेद संपवला. ज्यांना जुनी डिसेबिलिटी पेन्शन मिळते, त्यांनी स्पर्श या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून आपला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून टक्केवारीच्या रकान्यात काय आहे ते पाहावे. तिथे अजून २० किंवा ३० दिसत असेल, तर तो स्वतंत्र दाव्याचा विषय आहे. त्यासाठी सेवेशी संबंध नव्याने सिद्ध करावा लागत नाही.

लढाईत, अतिरेक्यांशी चकमकीत किंवा जाहीर झालेल्या लष्करी मोहिमेत जखमी झालेल्यांचा हिशेब निराळा आणि बराच मोठा असतो. त्याला वॉर इंज्युरी पेन्शन म्हणतात. काही वेळा जखम मोहिमेच्या भागातली असूनही कागदावर ती साध्या अपघातात मोडलेली असते. अशा वेळी अपील त्या वर्गीकरणावर करावे लागते. अपंगत्व मान्य आहे, म्हणून इथले भांडण सोपे समजू नका. युनिटचा त्या काळातला आदेश आणि जखमेचा अहवाल हातात नसेल, तर हे प्रकरण रेंगाळते.

ज्या पानावर सगळे ठरते

सेवेतून बाहेर पडताना प्रत्येक कमी कॅटेगरीच्या जवानाचे मेडिकल बोर्ड होते. मुदत संपून निवृत्त होणाऱ्याचे रिलीज बोर्ड, आजारामुळे काढल्या जाणाऱ्याचे इनव्हॅलिडिंग बोर्ड. त्या बोर्डाची कार्यवाही काही पानांची असते. आजार कधी आणि कुठे सुरू झाला, भरतीपूर्वी होता का, सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, टक्केवारी किती, ती किती काळासाठी, हे सगळे त्यात असते. प्रत्येक ‘नाही’पुढे कारण लिहिण्यासाठी जागा असते. या अपिलात खरी लढत त्या जागेत काय लिहिले आहे याच्याशी असते.

पुष्कळदा तिथे एकच ओळ असते : ‘शारीरिक घडणीतला विकार, सेवेशी संबंध नाही.’ किंवा, ‘आजाराची सुरुवात शांत क्षेत्रात झाली.’ पहिली ओळ मिरगी, मधुमेह, मानसिक आजार यांत दिसते, दुसरी रक्तदाबात. ही वाक्ये डॉक्टरांची आहेत म्हणून अंतिम आहेत असे समजून माणसे हात टेकतात. इथेच न्यायालयांनी जवानांच्या बाजूने सगळ्यात भक्कम काम करून ठेवले आहे.

धरमवीर सिंग जून १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले. भरतीच्या वेळी त्यांच्या कागदांत कुठल्याही आजाराची नोंद नव्हती. सुमारे नऊ वर्षांनी, एप्रिल १९९४ मध्ये, फिट्स येतात म्हणून त्यांना २० टक्के अपंगत्व लिहून घरी पाठवले गेले. बोर्डाचे म्हणणे तेच होते : घडणीतला विकार. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाचे सूत्र साध्या भाषेत असे आहे. भरतीच्या वेळी लष्कराच्याच डॉक्टरांनी माणसाला तपासून तंदुरुस्त ठरवले आणि कागदावर कुठल्याही आजाराची नोंद केली नाही, तर तो तंदुरुस्तच होता असे धरायचे. नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे गृहीत धरायचे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही, लष्करावर आहे. हा आजार भरतीच्या तपासणीत सापडणे शक्य नव्हते असे बोर्डाचे मत असेल, तर का शक्य नव्हते याची कारणे बोर्डाने लिहिली पाहिजेत. शंका उरली तर तिचा फायदा जवानाला.

त्याच दिवशी वीरपाल सिंग यांच्या प्रकरणातही निकाल आला. १९७२ मध्ये भरती होऊन १९७७ मध्ये स्किझोफ्रेनियाचे निदान करून त्यांना बाहेर काढले होते. बोर्डाचे मत डोळे झाकून स्वीकारणारा न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि नव्याने मेडिकल बोर्ड नेमायला सांगितले. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजबीर सिंग प्रकरणात धरमवीर निकालावर पुन्हा शिक्कामोर्तब झाले. एप्रिल २०२५ मध्ये बिजेंदर सिंग यांना न्याय मिळाला. सियाचीनमध्ये सेवा केलेल्या या जवानाला १९८९ मध्ये फिट्समुळे घरी पाठवले होते. मधली छत्तीस वर्षे त्या कुटुंबाने कशी काढली असतील याचा विचार केला की मन विषण्ण होते. पण इतक्या उशिराही दार बंद झालेले नसते, हेही त्यातून दिसते.

मात्र हे निकाल जादूच्या कांडीसारखे वापरता येत नाहीत. नरसिंग यादव यांच्या २०१९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन नाकारली. तिथेही आजार स्किझोफ्रेनिया होता. काही मानसिक विकार भरतीच्या तपासणीत दिसत नाहीत आणि तज्ज्ञांच्या बोर्डाचे मत सहज बाजूला सारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून ‘धरमवीर निकालानुसार मला पेन्शन द्या’ एवढे लिहून भागत नाही. माझ्या बोर्डाच्या अमुक पानावर अमुक कारण आहे, ते कारणच नाही किंवा माझ्या सेवेच्या नोंदींशी विसंगत आहे, हे दाखवावे लागते.

तुम्ही कोणत्या तारखेला बाहेर पडलात यावर कोणते नियम लागू होतात ते ठरते. १९८२ चे नियम जवानाला सगळ्यांत अनुकूल होते. १ जानेवारी २००८ पासून बाहेर पडलेल्यांना २००८ चे नियम लागतात आणि त्यांत ‘बिघाड सेवेमुळेच’ हे जुने गृहीतक त्याच शब्दांत राहिलेले नाही. सरकारी वकील यावर भर देतात. पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने माजी सुभेदार गवस अनिल माडसो यांच्या प्रकरणात सांगितले की, २००८ च्या नियमांखालीही बोर्डाची जबाबदारी संपत नाही. त्यांचा आजार मधुमेह होता. जीवनशैलीचा आजार आहे, शांत क्षेत्रात सुरू झाला, एवढे म्हणून चालणार नाही. या विशिष्ट माणसाला तो सेवेमुळे नाही तर कशामुळे झाला हे बोर्डाने लिहिले पाहिजे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या कॅटेगरीत निवृत्त झालेले सुभेदार-हवालदार आपल्या जिल्ह्यात गावोगाव भेटतात. त्यांनी हा निकाल मुद्दाम वकिलाला दाखवावा.

२१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांचे नियम पुन्हा बदलले आहेत. सेवेत राहून मुदत पूर्ण करणाऱ्यांसाठी लाभाचे नाव आणि स्वरूप दोन्ही निराळे आहे. त्यामुळे जुन्या मित्राच्या अपिलाची नक्कल करून पाठवू नये.

हृदयविकाराच्या प्रकरणात आणखी एक कागद बघावा. झटका येण्याआधीच्या चौदा दिवसांत जवान नेमकी कोणती ड्युटी करत होता, याची नोंद युनिटने द्यायची असते. रात्रीची गस्त, सराव, सततची धावपळ यांचा उल्लेख त्यात असेल तर बाजू भक्कम होते. ती नोंद बोर्डासमोर ठेवलीच गेली नसेल, तर अपिलाचा तोच पहिला मुद्दा.

सुट्टीतला अपघात

आपल्याकडची बरीच प्रकरणे या प्रकारची आहेत. जवान सुट्टीवर येतो, मोटारसायकलवरून बाजारला किंवा लग्नाला जातो आणि अपघात होतो. सुट्टी ही ड्युटीच धरली जाते, म्हणून पेन्शन मिळालीच पाहिजे, असे गावात छातीठोक सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलेले नाही. जुझार सिंग (२०११), विजय कुमार (२०१५) आणि धरमबीर सिंग (२०१९; वरचे धरमवीर नव्हेत) या तिन्ही प्रकरणांत सुट्टीवर असताना घरच्या कामात झालेल्या अपघातांना नकार मिळाला. अपघात आणि लष्करी सेवा यांत काहीतरी नाते हवे, असे न्यायालयाचे म्हणणे आहे. मला हा नियम कठोर वाटतो, पण तो आज असा आहे आणि कुणी उलट सांगून फी मागत असेल तर सावध राहावे.

सुट्टीसाठी गावी येताना किंवा सुट्टी संपवून युनिटला परत जाताना झालेला अपघात मात्र वेगळा. सरकारी खर्चाने प्रवासाचा हक्क असलेला तो प्रवास नियमांतच ड्युटी मानला आहे. अहिल्यानगर किंवा परळी स्टेशनला उतरून पुढे एसटीने गेवराई, केज किंवा आष्टीकडे येताना अपघात झाला, तर दावा उभा राहतो. मग सुट्टीचा दाखला, रेल्वे वॉरंट किंवा तिकीट, पोलिसांचा पंचनामा, पहिल्या दवाखान्याचे कागद, आणि युनिटला अपघात कधी कळवला याचा पुरावा, हे सगळे निर्णायक ठरते. घटना घडल्यावर घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात ते जमवावे. वर्षभराने पंचनाम्याची प्रत मिळवताना किती खेटे घालावे लागतात ते सगळ्यांना माहीत आहे.

पहिले आणि दुसरे अपील

जवान आणि जेसीओंचा दावा त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसात तपासला जातो. मराठा लाईट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, आर्मर्ड कोअरचे अहिल्यानगरला. पहिले अपील याच ऑफिसामार्फत जाते आणि ते लष्कराच्या मुख्यालयातील अपील समिती ऐकते. ‘ऐकते’ म्हणजे कागद वाचते. अर्जदाराला समोर बोलावून म्हणणे मांडू देण्याची पद्धत तिथे नाही, म्हणून जे लिहून पाठवले नाही ते समितीपुढे येतच नाही. तेही फेटाळले तर सहा महिन्यांत दुसऱ्या अपील समितीकडे जाता येते.

अपील दोन प्रकारचे असते, हे आधी ठरवा. एक, सेवेशी संबंध नाकारला त्याविरुद्ध. दोन, संबंध मान्य केला पण टक्केवारी कमी धरली किंवा ठरावीक काळापुरतीच दिली त्याविरुद्ध. दुसऱ्या प्रकारात रिव्ह्यू मेडिकल बोर्डाची मागणी करावी लागते आणि तज्ज्ञ डॉक्टरांचे ताजे कागद लागतात. दोन्ही मागण्या एकाच अर्जात सरमिसळ करून लिहिल्या की समितीला सोयीच्या मुद्द्यावर उत्तर देऊन प्रकरण मिटवणे सोपे जाते.

अर्ज लांब नको. भरतीची तारीख आणि त्या वेळचा वैद्यकीय दर्जा. आजार पहिल्यांदा कधी, कोणत्या युनिटमध्ये दिसला. त्याआधीच्या पोस्टिंग्ज कोणत्या, त्यांत किती काळ उंचावर, सीमेवर किंवा मोहिमेवर होता. बोर्डाने लिहिलेले कारण शब्दशः. आणि ते का टिकत नाही. दोन पानांत हे बसते. देशासाठी केलेल्या त्यागाबद्दल माणसाला लिहावेसे वाटते आणि ते स्वाभाविक आहे, पण एका परिच्छेदात संपवावे. कागद इंग्रजी किंवा हिंदीत हवेत. मराठीतला मजकूर बेळगावला किंवा सागरला वाचला जाईल, पुढे दिल्लीला वाचला जाईल याची खात्री नाही.

सहा महिन्यांच्या मुदतीबद्दल आपल्या जिल्ह्यापुरते एक मुद्दाम सांगायला हवे. ऊसतोडीला जाणारी घरे दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी भागात पत्र आले तेव्हा घराला कुलूप, आणि हातात पडले तेव्हा मुदत संपत आलेली, असे होऊ शकते. बोर्ड आऊट झालेला मुलगा स्वतःही टोळीबरोबर गेलेला असू शकतो. म्हणून रेकॉर्ड ऑफिसला आणि स्पर्शमध्ये चालू मोबाइल क्रमांक आणि ई-मेल द्या. पत्राचे पाकीट फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का आणि पत्र मिळाल्याची तारीख उशीर माफ करून घेताना उपयोगी पडते. मुदत उलटली असली तरी अपील पाठवाच आणि उशिराचे खरे कारण पहिल्याच परिच्छेदात लिहा.

मुंबईचे न्यायाधिकरण

२००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले आणि २००९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. त्याआधी बीडच्या जवानाला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागे. आता महाराष्ट्रासाठी न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. तिथे दोन सदस्य बसतात. एक न्यायिक सदस्य, म्हणजे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेली व्यक्ती, आणि एक प्रशासकीय सदस्य, म्हणजे सैन्यदलातले वरिष्ठ निवृत्त अधिकारी. रेकॉर्ड ऑफिसच्या भाषेतले कागद त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. वकील देता येतो, आणि कायद्याने अर्जदाराला स्वतःही बाजू मांडता येते.

न्यायाधिकरणात जाण्याआधी लष्करातील उपाय करून पाहावे लागतात. पण अपील पाठवून सहा महिने उत्तर आले नाही, तर थांबून राहायची गरज नाही. उपाय संपले असे धरून अर्ज करता येतो. अंतिम उत्तर आले असेल तर त्यापासून सहा महिने, आणि उत्तरच आले नसेल तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष, अशी मुदत आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे.

पेन्शनच्या बाबतीत उशिराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात सोडवला. १९८३ मध्ये आजारामुळे बाहेर काढलेला हा जवान १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेला होता. पेन्शन न देणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून सोळा वर्षांनी आला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असे न्यायालयाने मानले. मात्र थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच दिली. निकालाचे हे दोन्ही भाग लक्षात ठेवा. हक्क सहसा बुडत नाही, पैसा मात्र दर महिन्याला बुडतो.

निकाल बाजूने लागला की बहुतेक आदेशांत अंमलबजावणीसाठी काही महिन्यांची मुदत असते आणि मुदत चुकल्यास व्याज. मुदत उलटूनही पीपीओ आला नाही तर अंमलबजावणीसाठी स्वतंत्र अर्ज करता येतो, आणि तो करावाच लागेल असे धरून चाला. सरकार पुढेही जाऊ शकते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परशोत्तम दास प्रकरणात स्पष्ट केले की, न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका चालते. हे जवानाच्या सोयीचे आहे, कारण सर्वोच्च न्यायालयात थेट अपिलासाठी सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न लागतो. पण याच वाटेने सरकारही जवानांच्या बाजूचे आदेश घेऊन उच्च न्यायालयांत जाऊ लागले आहे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ मध्ये, हे खटले कमी कसे करायचे यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली गेली होती. ठरून गेलेल्या मुद्द्यांवर अपंग जवानांना पुन्हा पुन्हा कोर्टात ओढू नये, ही अपेक्षा तेव्हाही रास्त होती आणि आजही आहे. ती पूर्ण होईपर्यंत तयारी आपणच ठेवायची.

मदत कुणाची घ्यावी

बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पहिली फेरी मारावी. अर्जाचा मसुदा, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, स्पर्शमधल्या अडचणी यांत तिथून मदत मिळते. जिल्हा न्यायालयातले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण हे दुसरे ठिकाण. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अपंग व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून जिल्हा सैनिक कार्यालयांतच कायदेविषयक मदत केंद्रे चालवावीत असा तिचा उद्देश आहे. तिच्याबद्दल दोन्ही कार्यालयांत नाव घेऊन विचारा. थकबाकीतला हिस्सा ठरवून काम घेणाऱ्या मध्यस्थाला मूळ डिस्चार्ज बुक आणि सह्या केलेले कोरे कागद कधीही देऊ नका.

जवान हयात नसेल तरी हक्क संपत नाही. न्यायाधिकरणाचा कायदा वारसांनाही लागू आहे, त्यामुळे पत्नी त्याचा राहिलेला दावा पुढे चालवू शकते. सीआरपीएफ आणि बीएसएफमधल्या जवानांची वाट मात्र वेगळी आहे. त्यांना हे न्यायाधिकरण नाही. केंद्रीय नागरी सेवेचे असाधारण निवृत्तिवेतन नियम आणि पुढे उच्च न्यायालय. अग्निवीरांना डिसेबिलिटी पेन्शन नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी त्यांना एकरकमी रक्कम आहे : १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख आणि ५० टक्क्यांना १५ लाख रुपये. तिथेही मेडिकल बोर्डाचा तोच रकाना निर्णायक राहणार, म्हणून आजार किंवा इजा सुरू झाल्यापासूनचे कागद त्यांनी जपलेच पाहिजेत.

सगळ्यांत घाई कुणी करावी, तर १९९० नंतरच्या दशकात आणि २००० च्या सुमाराला पेन्शनविना बोर्ड आऊट होऊन आलेल्यांनी. पेन्शन नसलेल्या जवानाचे सेवेचे कागद साधारण पंचवीस वर्षांनी नष्ट केले जातात. कागदच उरले नाहीत तर बोर्डाने काय लिहिले होते हे दाखवणे फार अवघड होते. म्हणून अपिलाचा विचार नंतर करा, आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह, आपल्या रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने, स्पीड पोस्टाने पाठवा. आर्मी नंबर, रँक, नाव, शेवटचे युनिट, भरतीची आणि बाहेर पडल्याची तारीख लिहा. भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणी फॉर्म, मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, कॅटेगरी लागल्यापासूनची तज्ज्ञ डॉक्टरांची मते, पोस्टिंगच्या नोंदी असलेली शीट रोलची प्रत, आणि दावा फेटाळल्याचे पत्र, एवढे मागा. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. नाही आले तर त्याच ऑफिसातल्या पहिल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा आणि पोस्टाची पावती डिस्चार्ज बुकात लावून ठेवा.